जीनमधली फळी

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही — हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून मोकळी व्हायची. जिला सांगायला हवं होतं ती साळू आता राहिली नाही. मग तुम्हाला कशाला सांगते? खरंच माहीत नाही. घरात दुसरं माणूस नाही, एवढंच.

जर्मनच्या लढाईच्या आधीची गोष्ट. वाशीमला कापसाच्या जीनमध्ये आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. यंत्रात कापूस घालायचा. रुई एकीकडे पडायची, सरकी खाली. ती रुई गाडीनं मुंबईला जाई, तिथून म्हणे जहाजानं विलायतेला. तिचं कापड कोण घालत होतं, देव जाणे. आमच्या वाट्याला तिची धूळ — नाकात, घशात, भाकरीवर. उजाडायच्या आत शिरायचं, दिवे लागले तरी सुटका नाही. मध्येच बाहेर पाऊल टाकलं की मुकादम आईबापाचा उद्धार करायचा. एवढ्या बायांत माझं म्हणावं असं माणूस एकच, साळू.

आमच्या मागे यंत्रं फिरवणारा लोखंडी दांडा होता. त्याच्या आडोशाला फळ्या ठोकलेल्या. एक ढिली होती. ती काढून, दांड्याखालून वाकून गेलं की मागच्या दारात पोचता यायचं — मुकादमाला न दिसता. तान्हं पोर बाहेर रडत होतं म्हणावं, तर मला पोर नव्हतंच. मला नुसती हवा हवी होती.

त्या दिवशी मी फळी काढली, गेले, आले — आणि परत लावली नाही. विसरले? छे. मला पुन्हा जायचं होतं ना!

साळू तिथली सरकी ओढायला वाकली. पदर फिरत्या दांड्यात ओढला गेला, पदर सोडवायला हात गेला... ती किंकाळी मी सांगत नाही. बाया तिला उचलून दाराकडे धावल्या. मी मागे राहिले. कशासाठी? — फळी जागेवर बसवायला.

चौकशीला सरकारी साहेब आला. दवाखान्यात साळू एकच सांगत होती, "फळी नवती जी तिथं." मी शेजारची, म्हणून साहेबानं मला विचारलं. मी म्हणाले, "होती जी. म्या सोता पाह्यली."

साळूचाच निष्काळजीपणा ठरला. कारखाना चालू राहिला, ती तेवढी बाहेर झाली.

जाताना माझा हात धरून म्हणाली, "तू म्हंतं त असन वं. माह्याच डोयाले दिसली नसन." भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी कुणाशेजारी भाकर सोडली नाही. बाया हाक मारायच्या, मी भिंतीकडे तोंड करून बसायची.

ती आसेगावला भावाकडे राहायची. बऱ्याच वर्षांनी गेले एकदा — सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. तिनं डाव्या हातानं चहा केला, मला आग्रह करून पाजला. भाची विहिरीवर निघाली होती. साळू तिला म्हणाली, "पाहून चालत जाय वं पोरी. म्या पाह्यलं नाई, म्हून हात गेला माहा. इचार हिले."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. साळूनंही.

मी मान डोलावली.