येताना ताट आणा

नळ ठिबकत राहिला तर भामाबाईला झोप लागत नसे. घरातला असो की शेजारचा, ती उठून बसायची आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. या सवयीमुळे नव्या वसाहतीत ती फार लवकर ओळखीची झाली.

वसाहत बीड बायपासच्या पलीकडं, देवळाईच्या अंगाला होती. काल-परवापर्यंत तिथं बाजरी आणि तूर उभी असायची, आता एकसारख्या रंगाची रो-हाउस उभी होती. त्यातलं एक भामाबाईच्या मुलानं, सम्यकनं, कर्ज काढून घेतलं. मुकुंदवाडीच्या गल्लीतल्या दोन खोल्या सोडून तो, त्याची बायको सुकेशनी आणि भामाबाई मार्चमध्ये तिथं राहायला आले. ते साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी नेतात हे टीव्हीवर दाखवत होते, आणि शेजारचे काकासाहेब रोज सकाळी पाइप लावून गाडी धूत होते. त्यांच्या बोअरला अजून पाणी होतं.

भामाबाईनं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी ओट्यावरून विचारलं, "काकासाहेब, गाडी बाळंत झाली का? रोज न्हाऊ घालता."

काकासाहेब हसले. दुसऱ्या दिवसापासून ती उठायच्या आधी गाडी धुवायला लागले.

टँकर आला की बायका माठातलं, पिंपातलं पाणी शिळं झालं म्हणून नालीत ओतत आणि नवीन भरून घेत. पाणी काय भाकर आहे शिळं व्हायला, असं भामाबाईचं म्हणणं. धरणात वर्षभर पडून असतं तेव्हा त्याला कुणी शिळं म्हणत नाही, घरात एक रात्र राहिलं की बाटतं. लोकांच्या ताटात टाकलेला भात, जाड सालीचा बटाटा, दिवसा जळणारा दिवा, पिळायच्या आधीच फेकलेलं लिंबू, या सगळ्यांवर तिची नजर असे. स्वतःच्या घरातही तिला बोलायला पुष्कळ जागा होती. सोफा हप्त्यावर आला होता, त्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे त्यावर बसलं की घाम यायचा. फ्रिज एवढा मोठा की जुन्या घरातलं सगळं सैपाकाचं सामान त्यात मावलं असतं. त्यात चार वाट्यांमध्ये चार दिवसांच्या भाज्या एकमेकींकडं बघत बसलेल्या असत. शेवटी त्या भामाबाईच खायची.

"आईंचं चाललं तर त्या श्वाससुद्धा अर्धाच घेतील," सुकेशनी शेजारणींना सांगायची. भामाबाईच्या कानावर ते आलं होतं. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. लासूर स्टेशनजवळचं गाव सोडून ती आणि तिचा नवरा कडुबा शहरात आले ते त्यानंतर. आता कडुबा नव्हता. नव्या घराच्या मागच्या बाजूला तिनं एक निळा ड्रम ठेवला होता, चांगल्या पाण्यानं भरलेला, झाकणावर दगड. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. कशासाठी, असं विचारलं तर वेळेला, एवढंच उत्तर मिळायचं.

बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेशाचा कार्यक्रम ठरला. भंतेजींना बोलवायचं, परित्राणपाठ, खीर, मग जेवण. सम्यकनं आचारी सांगितला, मांडव सांगितला, थर्माकोलची ताटं आणि पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोके मागवले. ताटं धुवायला पाणी कुठून आणायचं, हा त्याचा मुद्दा. भामाबाईला तो खोटा म्हणता येईना. पण जुन्या गल्लीतल्या लग्नांमध्ये अशा ताटांचा ढीग तिनं पाहिला होता, निम्मं अन्न आत आणि वर कुत्री. बाटलीतून एक घोट प्यायचा आणि ती खुर्चीखाली ठेवून दुसरी फोडायची, हेही पाहिलं होतं.

मुकुंदवाडीत आमंत्रणं द्यायला ती एकटीच गेली आणि तिथं तिला उपाय सुचला. गावाकडं त्यांच्या वस्तीत लग्न असलं की कुणाच्याच घरात पन्नास ताटं नसायची. सांगायला येणारा सांगून जायचा, येताना ताट-तांब्या घेऊन या. माणसं आपल्या ताटात जेवायची, उरलं ते त्याच ताटात झाकून घरच्या पोरांसाठी न्यायची, आपलं ताट आपल्या घरी धुवायची. फेकायला काही उरतच नसे. भामाबाईला हे इतकं सरळ वाटलं की आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. दारोदार ती तेच सांगत गेली. बायका हसल्या, बऱ्याचजणी व्हय म्हणाल्या. साहेबराव घरी नव्हते, म्हणून त्यांच्या सुनेला, मालनबाईला, निरोप दिला.

साहेबरावांशिवाय हा कार्यक्रम होऊ शकत नव्हता. गावाहून आलेल्या कडुबाला आणि भामाबाईला त्यांनी आपल्या एका खोलीत चादर बांधून अर्धी जागा दिली होती. मोंढ्यात स्वतः हमाली करत होते, कडुबालाही तिथंच लावून दिलं. सम्यक जन्मला तो त्या चादरीच्या आडच. नव्या घरातली पहिली मेणबत्ती साहेबरावदादांनी लावायची, हे सम्यकनं घराचा पाया भरला तेव्हाच ठरवलं होतं.

दोन दिवसांनी मालनबाईचा सुकेशनीला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की दादा यायचे नाहीत. आपलं ताट घेऊन ते कुणाच्या दारात जात नाहीत. सगळ्यांना जयभीम सांगा म्हणाले.

सम्यक कामावरून आला तेव्हा सुकेशनीनं त्याला दारातच हे सांगितलं. तो बूट न काढता आत आला.

"माय, तू लोकायला ताटं आणायला सांगितली?"

भामाबाईनं सांगितलं, हो. गल्लीत सगळ्यांना.

"आन दादांना बी?"

"सगळ्यायला सांगितलं. एकट्याला नाय."

"आपल्या लोकायला ताट घेऊन या म्हणणारे कोण होते, ठाव हाय ना तुला? आता आपणच म्हणायचं? त्ये बी घर झाल्यावर?"

भामाबाई गावच्या वस्तीतलं सांगायला लागली, पण तिचं तिलाच ते अपुरं वाटलं आणि ती मधेच थांबली. सुकेशनीला एरवी अशा वेळी एखादा टोमणा सुचला असता. ती आत जाऊन कुकर लावायला लागली.

ताट घेऊन जायच्या दोन रीती होत्या. एक आपल्या वस्तीतली, ती भामाबाईला आठवली होती. दुसरी गावातली. पाटलाच्या घरी लग्न असलं की वस्तीतल्या लोकांनी आपली भांडी घेऊन कुंपणाच्या बाहेर बसायचं, गाव जेवून उठेपर्यंत. मग वरून वाढायचे, लांबून, भांड्याला पळी लागू न देता. पाणी ओंजळीत. भामाबाई लहानपणी आईबरोबर गेली होती. जर्मनचं ताट तिच्याच हातात होतं, त्याची कड एका जागी वाकलेली. हे सगळं तिला माहीत होतं. आमंत्रण देताना त्यातलं काहीच आठवलं नाही, आणि नेमकं का आठवलं नाही हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं मुकुंदवाडीला गेली. साहेबराव ओसरीत खाटेवर बसले होते. पांढरी बंडी, गुडघ्यावर पंचा. त्यांनी तिला बसायला सांगितलं, उन्हाचं विचारलं, सम्यकच्या कंपनीचं विचारलं. मालनबाईनं पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला आणला. भामाबाईनं तो पूर्ण संपवला.

"चुकलं माझं, दादा," ती म्हणाली.

साहेबरावांनी गुडघ्यावरचा पंचा खांद्यावर टाकला. छप्पनला बाप दीक्षा घेऊन आला, त्या दिवशी त्यानं गावजेवणाला न्यायचं ते ताट विहिरीमागं पुरलं, असं त्यांनी सांगितलं. मोडीत दिलं असतं तर पैसे आले असते. पुरलं. तेव्हा ते स्वतः मिसरूड फुटलेले होते. खड्डा त्यांनीच खणला.

मग त्यांनी विचारलं, "तू नव्हतीस का गेलेली? आईसंगं?"

"गेले होते."

"मग?"

"इसरले."

"बरं झालं. इसरायला भेटलं तुला." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

उठताना ती म्हणाली, "हात हलवत या, दादा. काय बी आणू नका."

"बघू," साहेबराव म्हणाले. "ऊन लई हाय."

तिथून ती घरी गेली नाही. गल्लीच्या टोकाला बुद्धविहार होता, त्याच्या कपाटाची किल्ली मालनबाईकडं असे. त्यात मंडळाची स्टीलची ताटं होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं लोक तिथं भांडी देत. प्रत्येक ताटाच्या कडेला कुणाचं तरी नाव ठोकलेलं. कडुबाचंही होतं. भामाबाईनं ती सगळी पोत्यांत भरून घेतली आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद न घालता घरी आणली. सुकेशनीनं पोती पाहिली आणि कपाळाला हात लावला. थर्माकोलचं काय करायचं, आणि एवढी ताटं कोण धुणार, आणि पाणी?

भामाबाईनं तिला मागच्या अंगणात नेलं. ड्रमावरचा दगड उचलून भिंतीला लावून ठेवला.

"हे घे," ती म्हणाली.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून माणसं येत होती. गल्लीतल्या काही बायकांनी भामाबाईचा पहिला निरोप मनावर घेतला होता, त्या पिशवीतून ताट-तांब्या घेऊन आल्या. भामाबाईनं त्या पिशव्या दारातच काढून घेतल्या आणि पलंगाखाली सरकवल्या. ताटं विहारातून आणलीत, एवढंच ती सांगत होती. सम्यक अधूनमधून फाटकापर्यंत जाऊन येत होता. भंतेजी आले, बसले. त्यांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं. मेणबत्ती मूर्तीपुढं तशीच उभी होती. सुरुवात करू या का, असं कुणीतरी म्हणालं. सम्यक ऐकू न आल्यासारखा फाटकाकडंच बघत राहिला.

मग रिक्षा आली. साहेबराव मालनबाईच्या खांद्यावर हात टेकून उतरले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला पांढरा रुमाल, हात मोकळे.

भामाबाईनं पायरीजवळ बादली ठेवली होती, काठापर्यंत भरलेली, आत तांब्या. मालनबाई पाणी घालायला पुढं झाली, पण साहेबरावांनी तिला थांबवलं. त्यांनी स्वतः तांब्या बुडवला. हात धुतले, तोंड धुतलं, मग एक पाय, मग दुसरा. परत तांब्या बुडवून परत हात धुतले. पाणी पायरीवरून फरशीवर आणि फरशीवरून नालीकडं गेलं. भामाबाई दारात उभी होती. तिची नजर त्या पाण्याबरोबर नालीपर्यंत गेली आणि परत आली. ती काही बोलेल म्हणून सुकेशनी तिच्याकडं बघत होती, पण भामाबाईनं पदर नीट केला आणि आत वाट करून दिली.

साहेबरावांच्या हातून मेणबत्ती एका काडीत पेटली.

जेवायला त्यांना सोफ्यावर बसवलं. त्या दिवशी सम्यकनं सोफ्याचं प्लॅस्टिक काढून टाकलं होतं. पुरी, वांग्या-बटाट्याची भाजी, भात, खीर. भामाबाईनं स्वतः वाढलं. साहेबराव सावकाश जेवले, खीर दोनदा मागितली. ताटाच्या कडेचं नाव त्यांनी बोटानं चाचपलं, पण कुणाचं आहे ते वाचून दाखवलं नाही. शेवटी अर्धी पुरी आणि तिच्यावर थोडी भाजी त्यांनी ताटात तशीच ठेवली आणि हात झाडले.

"जाईना का दादा?" सम्यकनं विचारलं.

"जाईल की," साहेबराव म्हणाले. "पण राहू दे. लई झालं."

ताट उचलायला भामाबाई पुढं आली. दुसऱ्या कुणाच्या ताटात अर्धी पुरी असती तर तिनं काय म्हटलं असतं ते त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. तिनं ताट उचललं आणि मागं नेलं. पुरी भिंतीपलीकडच्या कुत्रीला घातली. ताट ड्रममधल्या पाण्यानं धुतलं, आणि एका पाण्यात निघालं तरी दुसऱ्यांदा विसळलं.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर ती मांडवातून फिरायला लागली. खुर्च्यांखाली, झाडाच्या आळ्यात, सोफ्याच्या पायाशी बाटल्या पडल्या होत्या, कुठली अर्धी, कुठली पाऊण. तिनं त्या घमेल्यात गोळा केल्या. मग रिकाम्या झालेल्या ड्रमापाशी बसून एकेकीचं झाकण काढत त्या त्यात ओतायला लागली.

कुंपणापलीकडून काकासाहेबांनी विचारलं, "आजी, उष्टं पाणी साठवता काय?"

"गाडीला घाला," भामाबाई म्हणाली. "ती काय तोंड लावून पीत नाय."