हाजींच्या हातचा घास

आमचे हे, सत्तीवल्दी, मर्गिलान शहरातल्या आमच्या मोहल्ल्याचे आचारी. लग्न असो, सुंता असो, कुणाच्या जाण्याचा वर्षाचा दिवस असो, पहाटेच्या नमाजानंतर पुरुषांना वाढतात तो पुलाव यांच्याच कढईतला. आधी दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटाच्या मेंढ्याच्या, शेपटाची चरबी वितळवायची. तिचे कुरकुरीत तुकडे वर आले की मीठ भुरभुरून, कच्च्या कांद्याबरोबर पहिल्यांदा आचाऱ्याने खायचे, अशी रीत. तरुणपणापासून यांनी ती पाळली. तरी अंगाने काटकुळेच. लोक यांना अका, म्हणजे दादा, म्हणतात; ते थट्टा करत, "अका, खाता ते जातं कुठे?"

कुठे जातं ते दोन हिवाळ्यांपूर्वी कळलं. माझे धाकटे दीर तुर्सुनअली दुकानात बसल्या जागी गेले. सासरेही असेच, कढईपाशी उभे असताना गेले होते. अल्लाहची अमानत त्याने परत नेली, असं म्हणून आम्ही चेहऱ्यावरून हात फिरवले. दवाखान्यातल्या मुकद्दस डॉक्टरीणबाईंनी मात्र यांना बोलावून घेतलं आणि रक्त तपासलं.

"कोलेस्टेरॉल फार आहे, अका."

"मला? माझ्या अंगावर चरबी दाखवा बघू कुठे आहे ती! आणि वर गरम हिरवा चहा पितोच की मी. सगळं धुऊन जातं."

"चहा पोटात जातो, रक्तवाहिन्या धुवायला जात नाही," बाई म्हणाल्या. "ही चरबी रक्तातली. जाड-बारीक बघत नाही, दुखतही नाही. थोडी शरीराला लागतेच, यकृत ती स्वतः बनवतं. तुमच्या घराण्यात जन्मापासूनच जास्त बनत असावी. त्यावर तुम्ही दुंबा ओतता. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी. आणि पथ्य."

हे बाहेर येऊन बाकावर बसले. मीही शेजारी टेकले. मग म्हणाले, "तुर्सुन माझ्याच हातचं खायचा."

त्या दिवसापासून घरातली चरबीची बरणी गेली. लोणी गेलं, घोड्याच्या मांसाचं कझी गेलं. मी मूग आणि जाडे तांदूळ एकत्र शिजवू लागले, त्यावर साय काढलेलं दही. सलगम, बीट, भोपळा, राजमा. न चाळलेल्या पिठाची रोटी. मूठभर अक्रोड. तेल चमच्याने मोजून. मांस कधीतरी, तेही कोंबडीचं, कातडं काढून. पहिल्या आठवड्यात हे वाडग्याकडे बघून म्हणाले, "गाढवाला काय घातलंस मग आज?" पण खाल्लं. रोज खाल्लं. कढईपाशी चव बघायची ती जिभेच्या टोकाला थेंब लावून. कुरकुरीत तुकडे शेजारच्यांना वाटून टाकायचे. वसंतात पुन्हा तपासलं, आकडा बराच उतरला होता. मी नमाजाच्या दोन रकात जास्तीच्या पढले.

मग तुर्सुनअलींचा वर्षाचा दिवस आला. घरचंच काम, पुलाव यांनीच केला. आम्ही बायका आतल्या खोलीत पेले विसळत होतो, खिडकी उघडी होती. ओसरीवर मोहल्ल्यातले वडीलधारे नसीर हाजी मुख्य जागी बसलेले; सगळे त्यांना अता, म्हणजे बाबा, म्हणतात. आमच्याकडे मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने घास भरवणं म्हणजे केवढा मान! हाजींनी भात चेपला, वर चरबीचा पांढरा तुकडा ठेवला आणि यांच्या तोंडाशी हात नेला.

"घे, सत्तीवल्दी. भावाच्या नावाचा घास."

"हाजीअता, मला पथ्य आहे. नुसता भात द्या."

"माझ्या हाताचं पथ्य?"

"बायकोला विचारून येऊ दे त्याला!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"अरे, एका घासाने काय होतंय? वर चहा पी," दुसरा एक म्हातारा म्हणाला.

एका घासाने काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईही म्हणाल्या असत्या. पण मोहल्ल्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे कढई चढते आणि दर कढईपाशी कुणाचा तरी हात पुढे येतो. आज घेतला तर उद्या कुठल्या तोंडाने नको म्हणणार? मी आत मनातल्या मनात दुआ करत होते. काय मागावं ते मात्र सुचत नव्हतं.

हाजींचा हात तसाच, चरबी मनगटावरून ओघळतेय. यांनी तोंड बाजूला केलं.

"नको, अता. हेच खाऊन गेला तो."

हसू जागच्या जागी थांबलं. हाजींनी घास ताटात परत ठेवला. मोहल्ल्यानेच भरवून भावाला मारलं असं हे म्हणताहेत, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला. हे पुढे काही बोलायला गेले, पण हाजींनी हात वर करून दुआ सुरू केली, आणि दुआ झाल्यावर लोक उठतातच. ताटं अर्धी राहिली.

त्यानंतर यांना बोलावणं नाही. हे माफी मागायला गेले. हाजी सभ्यपणे बोलले, चहा दिला, खायचं काही पुढे केलं नाही. उन्हाळ्यात शेजारच्या अनारखानच्या मुलीचं लग्न झालं. भिंतीपलीकडे कढई लागली, आचारी दुसऱ्या गल्लीतून आणलेला. पहाटे कर्णे वाजले तेव्हा हे उठून अंगणात उभे राहिले. "गाजर लवकर टाकलं त्याने," वास घेऊन म्हणाले. आवाजात राग नव्हता.

लग्नाच्या पुलावाचं झाकलेलं ताट घरोघरी जातं, आजारी म्हाताऱ्यांनाही. हे दरवाज्याजवळच्या बाजेवर बसून राहिले. समोरच्यांकडे ताट गेलं, कोपऱ्यावरच्या विधवेकडे गेलं. दुपारी अनारखान भिंतीवरून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे नाही हं पाठवलं. अकांना पथ्य ना, उगीच जीव तळमळायचा." मनापासून म्हणाली बिचारी.

"बरं केलंस," मी म्हटलं.

यांनी ते ऐकलं. थोड्या वेळाने उठून हात धुतले, सतरंजीवर येऊन बसले. मी मूग वाढले. "मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मग गोळी मागितली.

परवाच्या तपासणीतही आकडा चांगला आला आहे. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मी रोज अल्लाहचे आभार मानते की हे समोर बसलेले आहेत. हे दिवसभर बसलेलेच असतात.