वरचा गट आणि खोल खुर्ची

सर्वांना सविनय नमस्कार. आज दुपारी पिंप्राळ्यातील आमच्या घरी घडलेला प्रसंग प्रामाणिकपणे लिहीत आहे.

माझी नात केतकी संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ खेळते. त्यासाठी तिने स्टिअरिंग व जमिनीलगतची खोल खुर्ची घेतली आहे. त्या खुर्चीत बसून मी तिला खेळातल्या तिच्या जीटी या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाची ताकद पूर्ण वाढवण्यास सांगितले.

"आबा, ताकद वाढवली की गाडी वरच्या गटात जाते. तिथले खेळाडू फार वेगात चालवतात."

"मी चाळीस वर्षे कन्नड घाटात ट्रक चालवला आहे," मी उत्तरलो.

पहिल्याच वळणावर गाडी गवतात गेली आणि बाकी सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. खाली गादीवर बसलेले माझे व्याही, धुळ्याचे नाना, हसले. "आबा, बठ्ठा पुढे निंघी ग्यात! बैलगाडी शे का ही?"

मी शेवटचा आलो. उठू लागलो, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. नानांसमोर हात कसा मागावा? म्हणालो, "केतकी, आणखी एक शर्यत लाव."

अशा चार शर्यती झाल्या. केतकीने खालचा गट सुचवला, तोही मी नाकारला. पाय बधिर झाले होते.

तेवढ्यात नाना म्हणाले, "पोरी, माले जरा हात दे. मनाघाई उठावत नही."

केतकीने त्यांना उठवले आणि मग, मी न मागताच, मलाही.

'हात दे, माझ्याने उठवत नाही' हे जे वाक्य टाळण्यासाठी मी चार शर्यती हरलो, ते नानांनी किती सहज उच्चारले! आपणांपैकी किती जणांना ते वेळेवर बोलता येते?