देवाच्या लोण्याशेजारी

माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंची खानेसुमारी करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. नमुन्यातला डीएनए काढायचा, त्यातलं एक जनुक वाचायचं, की आत कोणकोण राहतं आणि कोणाची गर्दी जास्त ते कळतं.

सासूबाई न्यूमोनियातून उठल्या, पण औषधांच्या माऱ्यानं त्यांचं पोट पार बिघडलं. इथे आखातात, मनखूलच्या आमच्या घरात त्या दोन घास भात चिवडत बसायच्या. “मला गावी पाठव गं, इथलं पाणी बाधतं.” गावी आता कोण होतं? मला त्या हव्या होत्या, माझ्याजवळ. तरी शेवटी तिकीट काढलं.

प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारून मी सासूबाईंच्या शौचाचा नमुना तपासायचं ठरवलं. “डबी लगेच फ्रीझरमध्ये ठेवा,” असं बजावून कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर डबी बाल्कनीत, जुलैच्या उन्हात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली!

“अहो आई, हे काय?”

“देवाचं लोणी आहे त्या फ्रीझरात. तिथे हे ठेवू?”

“आजी, इट्स जस्ट अ सॅम्पल,” लेक म्हणाली.

“सॅम्पल असो नाहीतर काही. नाही म्हणजे नाही, खलास!” ‘बस्स, संपलं’ अशा अर्थाचा हा अरबी शब्द त्यांनी वॉचमनकडून उचललेला.

माझं डोकं फिरलं. उन्हात काही जिवाणू भराभर वाढतात, मग मोजणी खोटी ठरते. दुसरा नमुना मी स्वतःच बर्फाच्या पेटीतून नेला.

निकालात जिवाणूंचे प्रकार फारच थोडे निघाले. जेवताना सासूबाईंनीच विषय काढला. “बाकीचे येतील का गं परत?”

“येतात बहुतेक. पण त्यांना खायला घालावं लागतं.”

“म्हणजे मी त्यांच्यासाठी जेवायचं म्हणतेस!” असं म्हणून त्यांनी वाटीभर मटकीची उसळ संपवली. मग रोजच थोडं जास्त जेवू लागल्या.

पुन्हा तपासायला हवं होतं, पण मागायचा धीर होईना. त्या गावी जायच्या आदल्या दिवशी सकाळी मटारासाठी फ्रीझर उघडला. लोण्याच्या डब्याशेजारी, तीन पिशव्यांत गुंडाळलेली डबी होती.

“अहो आई...”

“देवाला सांगितलंय, सुनेचं काम आहे म्हणून. आणि ते तिकीट रद्द कर. कोण कोण परत आलं ते कळल्याशिवाय मी हलायची नाही.”

फ्रीझर उघडा टाकून मी तिथेच रडत उभी राहिले. आणि त्या ओरडत होत्या, “अगं दार लाव, माझा नमुना वितळेल!”