चार मुलं जेवून जातात

आमच्या घरात 'खानावळ' हा शब्द उच्चारायची बंदी होती. दोन्ही वेळेला पंगती उठायच्या, कणकेची परात आंघोळीच्या घंगाळाएवढी होती, तरी कुणी विचारलं की आई पदर सावरून म्हणायची, "छे हो, खानावळ कसली? चार मुलं जेवून जातात."

ही चार मुलं म्हणजे पुण्या-मुंबईहून बेंगळूरच्या नव्या सरकारी कारखान्यांत लागलेले इंजिनियर. भाताला कावलेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्यातला पहिला आला, त्यानं दुसऱ्याला आणलं आणि मग काय, आमच्या बसवनगुडीत पोळी मिळते ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! ती सगळी बाजूच्या बोळातून यायची, न्हाणीजवळच्या नळावर हात धुवायची आणि मागच्या पडवीत पाटावर बसायची. पुढचं दार पाहुण्यांचं. तिथली रांगोळी बघून कुणालाही वाटावं, आत एक विधवा आणि तिची मुलगी जपमाळ ओढत बसल्या असतील. जपमाळ! आम्हाला घाम पुसायला फुरसत नसायची.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे, त्यामुळे आमच्या मराठीला ही पोरं हसायची. मी "स्वल्प आमटी वाढू?" म्हटलं की एकमेकांना कोपरानं ढोसायची. "हसा की," मी म्हणायची, "हसणाऱ्याला पोळी शेवटी." मग लगेच सगळ्यांची तोंडं गंभीर.

मी तेव्हा लॉ कॉलेजात होते. साठ सालानंतरची गोष्ट. पहाटे पोळ्या लाटायच्या, सकाळी बस पकडून वर्गाला जायचं, दुपारी परत येऊन रात्रीच्या भाज्या चिरायच्या. वकील व्हायचंच हे मी अण्णा गेले तेव्हा ठरवलं. घराच्या कागदांसाठी आई एका वकिलाकडे गेली होती. सोबतीला मामा होता आणि मी. तो वकील सगळा वेळ मामाशीच बोलला. घर आईचं, नवरा आईचा गेलेला, आणि तिला त्या बाबानं एकदाही काही विचारलं नाही. पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "ह्या खुर्चीत मी बसणार." मामा म्हणाला, "आधी मॅट्रिक हो."

तर शेवटच्या वर्षाला वकिली पेशाच्या नीतीचा विषय होता. सगळे त्याला एथिक्स म्हणायचे आणि त्या तासाला झोपायचे. शिकवायला एक जुने वकील यायचे. बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीची म्हैसुरी पगडी, आणि तास संपला की तसेच कोर्टात. मला तो विषय मनापासून आवडायचा. बाकीच्या विषयांत लोकांनी एकमेकांचं काय वाटोळं केलं ते होतं. ह्यात मी स्वतः काय करायचं ते होतं. अशिलाचं गुपित फोडू नये. कोर्टापासून काही लपवू नये. स्वतःची जाहिरात करू नये. सर इंग्रजीत सांगायचे, अडलं की कन्नडवर यायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की झोपलेलेही दचकायचे. माणूस खरा होता. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं झोंबलं.

एके दिवशी त्यांनी सांगितलं, वकिलानं दुसरा कुठलाही धंदा करता कामा नये. सनद घेताना तसं लिहून द्यावं लागतं.

पुढच्या बाकावरच्या एकानं हात वर केला. त्याच्या वडिलांची भाताची गिरणी होती. "सर, गिरणीत माझा वाटा आहे."

"वाटा असू दे. कामात हात घालायचा नाही, एवढंच. घरी बसून वाटा घेतलास तर हरकत नाही."

माझ्या डोक्यात कुठेतरी फट्‌ झालं. काही न करता घरबसल्या मिळालं तर नीतीला चालतं, आणि हात भाजून मिळवलं तर नीती बाटते? मी उभी राहिले.

"सर, मी धंदा करते."

वर्ग जागा झाला. मुली आम्ही दोघीच होतो, त्यातली एक लग्न ठरवून निघून गेली होती. राहिलेल्या एकीनं उठून हे म्हणावं, म्हणजे करमणूकच. मागून कुणीतरी शीळ घातली.

"कसला धंदा?" सरांनी विचारलं.

"खानावळ आहे आमची. आईची आणि माझी."

सर हसले. अगदी मायेनं हसले हो, तेच तर दुखणं. "नोडम्मा," म्हणाले. म्हणजे बघ बाई. "मुलगी आईला स्वयंपाकात मदत करते, तो काही धंदा नव्हे. ते घरकाम. तुला हा नियम लागू नाही. बस खाली."

"सर, मुलगा असता आणि वडिलांच्या दुकानात बसला असता तर?"

"तर तो धंदा."

"मग तो गल्ल्यावर बसला तर धंदा, आणि मी चुलीपुढे बसले तर घरकाम, असं का?"

सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. तास झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. सनदेच्या अर्जाला जुन्या वकिलाचा दाखला लागायचा आणि आमच्या सात पिढ्यांत वकील नव्हता. सरांनीच आपणहून कबूल केलं होतं, दाखला मी देईन. आता ते म्हणाले, "मी जे लिहीन त्यात तू कुठलाही धंदा करत नाहीस असं येणार. तू फक्त एवढंच म्हण, की आईला घरात मदत करते. मी लगेच सही करतो. सगळे असंच म्हणतील, त्यात खोटं काही नाही."

"खोटं आहे, सर. बाजार मी ठरवते. कुणाला जेवायला घ्यायचं, कुणाला नाही, ते मी ठरवते. आमचं घर त्यावर चालतं, माझी फी त्यावर चालते. ह्याला घरकाम म्हणायचं तर तुमच्या कोर्टालाही गप्पांचा अड्डा म्हणायला हरकत नाही."

"मग मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. आवाज चढला नाही, खाली गेला.

"म्हणजे खरं बोलले तर सही नाही, आणि खोटं बोलले तर सही. मग वर्षभर तुम्ही आम्हाला शिकवलं काय?"

त्यांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. मी निघून आले. सनद हातची गेली होती, मी माझ्या तोंडानं घालवली होती, आणि तरी पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा तेच बोलले असते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल शाबास. कसली शाबास! आई कणीक मळत होती, ती तशीच हात पिठात घालून बसून राहिली.

"भर वर्गात सांगितलंस? खानावळ म्हणून?"

"मग काय म्हणू?"

"झाकली मूठ होती, तीही उघडलीस. इतकी वर्षं मी कुणाला 'खानावळवाली' म्हणू दिलं नाही. तुझ्या अण्णांच्या घराचं नाव राहावं म्हणून बोळातून माणसं आणली. आणि तू सगळ्या पुरुषांपुढं..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, आई? तू कुणाचं चोरलंस का? घाम गाळतेस. त्याला नाव का नाही? मामाकडे तोंड वेंगाडलं नाहीस, कुणाच्या दारात उभी राहिली नाहीस, मला शिकवलंस. हे सगळं 'चार मुलं जेवून जातात' म्हणून झालं का? त्या वकिलानं तुला काही विचारलं नाही, आता तूच म्हण की तुला विचारण्यासारखं काही नाहीच!"

हे जरा जास्तच लागलं तिला. त्या संध्याकाळी ताटं अशी आदळत होती की इंजिनियर मंडळी माना खाली घालून जेवली. एकानं धीर करून विचारलं, "काकू, आज मीठ..." "घ्या की हातानं!" आई कडाडली. मीठ कुणीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेले. आई आधीच बसली होती. मी लाटणं घ्यायला हात पुढे केला, तर तिनं ते आपल्याकडे ओढलं.

"बाहेर हो."

"अगं, पोळ्या..."

"तुला कामावरून काढलं आहे."

मला वाटलं राग अजून उतरला नाही. म्हटलं, "कुणी काढलं?"

"मी. धंदा आहे म्हणालीस ना? सरी, ठीक आहे. मग धंदा माझा. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते मी बघीन. आजपासून तुझा ह्यात हात नाही. वाटाही नाही. जेवायला बोलावलं की ये."

"तू एकटी एवढ्या पोळ्या..."

"मालकिणीला शिकवू नकोस!"

अगं बाई, तो आवाज! असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून रडले. कशाला खोटं सांगू, आनंदानं नाही, संतापानं रडले. मी तिला हक्क मिळवून द्यायला निघाले होते, आणि तिनं तो पहिल्यांदा वापरला तो मला हाकलायला. आतून तव्याचा वास येत होता, लाटण्याचा आवाज येत होता, एकाच लाटण्याचा. दोन वेळा मी आत पाऊल टाकलं, दोन्ही वेळा तिनं नुसतं वर बघितलं.

सकाळी मंडळी बोळातून आली तेव्हा आई पडवीत उभी होती. "उद्यापासून पुढच्या दारानं यायचं," तिनं सांगितलं. "खानावळीला मागून कशाला?" बिचारे इतके गोंधळले की दुसऱ्या दिवशी एकानं वहाणा नेमक्या रांगोळीवर काढल्या. त्याचा उद्धार झाला तो वेगळाच.

माझ्या जागी कामाला बाई मिळेपर्यंत आईनं सगळं एकटीनं ओढलं. मनगटाला फडकं बांधून लाटायची. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. शेवटी तिनंच विचारलं, "त्या सरांकडे जाऊन आलीस का? मग मी कशासाठी मरते आहे इथं?"

मी गेले. सर कोर्टाजवळच्या आपल्या कचेरीत होते. मला बघून त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "काय म्हणायचं ठरवलंस?"

"मी कुठलाही धंदा करत नाही, सर. वाटाही नाही."

"म्हणजे घरकामच."

"नाही. धंदाच आहे. मला कामावरून काढलं."

"कुणी?"

"मालकिणीनं. आई आहे माझी."

त्यांनी कागद ओढला, आपल्या हातानं लिहिला, वाचला आणि सही केली. कागद पुढे सरकवत म्हणाले, "आता तरी समाधान झालं?"

"नाही, सर," मी म्हटलं. "तुमचा नियम पाळला गेला, पण त्यासाठी माझ्या आईचं मनगट सुजलंय. गिरणीवाल्या मुलाच्या घरी कुणाचंच काही सुजलं नसेल."

सहीची शाई ओली होती. ती वाळेपर्यंत मी तिथंच, त्यांच्या समोर, उभी राहिले.