देवीचा उजवा, माझा डावा

आता माझ्या ॲडमिशनचं काय सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला इंजिनिअर म्हणायचं सोडाल.

बारावीनंतर कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. मला पुण्याचं मोठं कॉलेज हवं होतं. तिथे इंटर्नशिपला कंपन्या येतात, पुढे एमटेकचीही सोय. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, महाडजवळचं हवं होतं, रोज एसटीने घरी परतता येईल असं. आणि नियम काय? पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं! या धास्तीने चार दिवस मला जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी आप्पा म्हणाले, "चल गो, देवीला कौल लावू. ती सांगंल तसं."

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. देवळात गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. "उजवी पडली तर पुनं, डावी पडली तर घर," म्हणाले आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घालायला लागले. आप्पांचेही डोळे मिटलेले. उघडे फक्त माझे! हातात फोन, कारण वाडीत रेंज फक्त देवळात येते, आणि फॉर्म लॉक करायला उरलेला अर्धा तास.

टप्! कळी पडली. माझ्या डाव्या हाताला.

देवी घर म्हणतेय, आणि माझ्या मनात अजून पुणं आहे हे तिला कळलं तर? तिचा कोप, आप्पांचा राग आणि रेंजची एकच काडी! मी महाडचं कॉलेज पहिल्या नंबरला नेलं, ओटीपी टाकला, लॉक केलं. मग भक्तिभावाने हात जोडले.

तेवढ्यात गुरवकाकांनी डोळे उघडले. "उजवा दिला गो! जा पुन्याला!"

"उजवा कुठे? डावा पडला की!"

"तो तुझा डावा. तू तिच्यासमोर उभी हायस ना? कौल देवी देते, तू नाय."

आप्पांचे डोळे भरून आले होते. "देवीच म्हनते तर जा बाय. मी नाय अडवत. भर तुझा फॉर्म."

"आप्पा... भरला."

"कवा?"

"कळी पडली तेव्हाच."

"मंग बदल."

"लॉक झाला."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "देवीनं सोडली, मी सोडली, आनि तूच अडकून बसलीस होय?"

पहिली पसंती लगेच मिळाली, हे सांगायला नकोच. हसू नका! चार वर्षं एसटीचे धक्के खाल्ले. इंटर्नशिपला कंपनी फिरकेना, तेव्हा मेल पाठवून पाठवून मीच एक मिळवली. तिच्याच जोरावर गेल्या महिन्यात पुण्याच्या त्याच कॉलेजातून एमटेकच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. गेले.

शिपाई म्हणाला, "मॅडम, उजवीकडच्या दाराने आत जा."

समोर दोन दारं. शिपाई माझ्याकडे तोंड करून उभा.

मी घाम पुसला आणि विचारलं, "कुणाच्या उजवीकडच्या?"