सोमवारच्या बैठकीतली वही

गाझियाबादच्या पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हा तिथं स्वतःची चूक कबूल करायला कुणी धजत नसे. म्हणून मी दर सोमवारी बैठक सुरू केली. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असा शब्द दिला. मालकांनीही सगळ्यांसमोर होकार दिला.

सर्वांत आधी बोलले ते तिथले एक जुने फोरमन. घाईत काही माल न तपासताच पाठवला, असं त्यांनी सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. हळूहळू बाकीचेही बोलू लागले. परत येणारा माल कमी झाला, नवी गिऱ्हाइकं मिळाली.

वर्षभरानं मालकांनी ती वही वाचायला मागितली. मी विश्वासानं दिली. पंधरा दिवसांनी त्यांनी कामावरून काढायच्या माणसांची यादी माझ्यापुढे ठेवली. पहिलं नाव फोरमनचं होतं.

"हे सगळं तुमच्याच वहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही फक्त सही करा."

मी सही केली नाही, राजीनामा दिला. यादीवर मग त्यांनीच सही केली.

दिल्लीतल्या द्वारकेला घरी निघण्याआधी मी फोरमनना गाठून सगळं सांगितलं. ते जेवणाचा डबा पिशवीत भरत होते.

"मॅडम, मैंने तो आपके भरोसे पर बोला था," एवढंच ते म्हणाले.

मला मालकांनी फसवलं होतं, पण फोरमनच्या लेखी फसवणारी मीच होते. पुढे दुसऱ्या कंपनीत जाताना मी तिथल्या मालकांकडून हाच शब्द आधी लेखी घेतला. फोरमनना त्याचा काही उपयोग नव्हता.